रानहळद दरवर्षी पिवळी पडते, कुजते, फुलत नाही : नेमकं कुठे बिघडतंय ते कसं ओळखायचं

दसरा उलटला की ही तक्रार हमखास सुरू होते. पावसाळाभर रानहळद हिरवीगार होती आणि आता पानं पिवळी पडायला लागलीयेत, पाणी वाढवलं तरी पिवळीच, खत घातलं तरी पिवळीच, मग डिसेंबरात कुंडी रिकामी आणि पुढच्या जूनमध्ये त्यातून काही वर येत नाही. मग लोक म्हणतात की हे जंगली झाड आहे, घरी टिकत नाही. टिकतं हो, अगदी वर्षानुवर्षं टिकतं आणि वाढतं सुद्धा. फक्त आपण ज्या सात महिन्यांत त्याच्याकडे बघत नाही किंवा नको तितकं बघतो, त्या नोव्हेंबर ते मे या काळात ते बिघडतं, आणि बिघाड दिसतो मात्र पावसाळ्यात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं निदान सोपं जातं.

आधी एक खुलासा. रानहळद म्हणून बऱ्याच जाती ओळखल्या जातात, मी इथे बोलतोय ती कुर्कुमा स्यूडोमोंटाना, सह्याद्रीत आणि पूर्व घाटात मिळणारी, सोनेरी पिवळ्या फुलांची आणि वर गुलाबी-जांभळा तुरा असलेली. जॉन ग्रॅहमने १८३९ मध्ये मुंबई परिसरातल्या वनस्पतींच्या यादीत हिला हे नाव दिलं, म्हणजे आपल्याच भागातल्या झाडांवरून जगाला माहीत झालेली ही जात आहे. कासच्या पठाराच्या आजूबाजूला, घाटातल्या पानगळीच्या जंगलांच्या कडेला, झुडपांच्या आडोशाला जून ते सप्टेंबर दिसते. जगात फक्त भारतीय द्वीपकल्पातच नैसर्गिकपणे वाढते, त्यामुळे बागेत ती नीट सांभाळली जावी असं मला मनापासून वाटतं.

पिवळी पडणं : झोप की कूज

सगळ्यात आधी तारीख बघा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाहेरच्या जुन्या पानापासून सुरुवात होऊन सगळं झाड हळूहळू पिवळं पडत असेल, पानं कागदासारखी कोरडी होत असतील आणि बुंधा हाताला घट्ट लागत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. झाड खाली चाललंय. काही दिवसांनी बुंधा आपोआप सुटून हातात येतो, सुटलेली जागा कोरडी असते, वास येत नाही.

पण हेच पिवळं पडणं जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात सुरू झालं, खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग बुंध्याचा जमिनीलगतचा भाग पाणचट, मऊ, तपकिरी, आणि जरा ओढलं की अख्खा कोंब उपटून हातात आला आणि त्याला घाण वास असला तर ती कंदकूज. हळदीच्या शेतकऱ्यांना जी कंदकूज छळते तीच, पिथियम नावाची बुरशी साचलेल्या पाण्यात वाढते आणि कंद सडवते. इथे वाट बघत बसू नका. कुंडी पालथी करा, कंद धुवा, मऊ झालेला सगळा भाग स्वच्छ सुरीने घट्ट पांढरट-पिवळसर भाग लागेपर्यंत कापून टाका, उरलेला तुकडा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळून लावा. जुनी माती दुसऱ्या कुठल्याही हळद-आल्याच्या कुळातल्या झाडाला वापरायची नाही. आणि कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून ठेवायची, निम्मी कंदकूज तर त्या ताटलीमुळेच होते असं माझं स्पष्ट मत आहे.

शंका असेल तर माती बोटाने बाजूला करून कंद दाबून बघा. बाजारात आलं घेताना आपण दाबून बघतो तसंच, घट्ट लागला तर झोपलाय, बोट आत गेलं तर कुजलाय.

आता बरेच जण विचारतात की पाणी देत राहिलो तर हिवाळ्यात हिरवी ठेवता येईल का. नाही ठेवता येत, आणि ठेवूही नये. हिच्याच गोतावळ्यातली थायलंडची सियाम ट्युलिप कटफ्लॉवर म्हणून, म्हणजे फुलदाणीसाठी कापून विकायला, मोठ्या प्रमाणावर पिकवतात, त्यामुळे तिच्यावर बराच अभ्यास झालाय, आणि दिवस लहान झाले की ती पानं सोडून कंदात जाते हे त्यात नीट दिसून आलंय. आपल्याकडे जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो, वर थंडी, वर पाऊस बंद. जंगलात या सगळ्याचा एकच अर्थ होतो, आता खाली जा. अशा वेळी तुम्ही रोज पाणी घालता म्हणजे ज्या कंदाला पानं नाहीत, जो पाणी ओढतच नाहीये, त्याला चिखलात ठेवता. तो नोव्हेंबरात कुजायला लागतो आणि तुम्हाला कळतं जूनमध्ये.

जमिनीखाली काय असतं ते एकदा बघाच

हे समजलं की फूल का येत नाही याचं उत्तर पण मिळतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वर असतो तो गड्डा, म्हणजे खरा कंद, ज्याच्यावर डोळे असतात आणि पुढच्या वर्षीचे कोंब तिथूनच फुटतात. त्याच्यापासून खाली जाड मुळं जातात आणि त्यातल्या काही मुळांच्या टोकाला बदामाएवढ्या गाठी लटकलेल्या असतात. या गाठींना डोळे नसतात, त्या एकट्या लावल्या तर काही उगवत नाही, म्हणून कुंडी बदलताना लोक त्या फालतू मुळं समजून कापून फेकून देतात. पण झाडाचा सगळा शिधा तिथेच असतो, पाणी आणि पिष्ट दोन्ही. जूनमध्ये पानं नीट उघडायच्या आधीच जे पहिलं फूल जमिनीतून वर येतं ते या शिध्यावर येतं, त्या वर्षीच्या उन्हावर नाही. सियाम ट्युलिपचे कंद विकताना तर खाली अशा साठ्याच्या मुळांची संख्या किती आहे यावरही दर्जा ठरतो.

म्हणजे यंदाचं फूल हे गेल्या वर्षीच्या पानांची कमाई. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानं जरा मरगळलेली दिसतात, नवरात्रात बाग साफ करायची असते, आणि माळी येऊन सगळं जमिनीलगत कापून टाकतो. तेव्हाच नेमकं पानातलं सगळं खाली उतरत असतं. पान पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत कापायचं नाही, कितीही वाईट दिसलं तरी. फारच खुपत असेल तर पुढे एखादी दुसरी कुंडी सरकवून ठेवा.

पानं भरपूर, फूल नाही

ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार आणि हिची कारणं पण सगळ्यात जास्त.

पहिलं म्हणजे फूल येऊन गेलेलं असतं आणि तुम्हाला दिसलेलं नसतं. हिला दोन प्रकारे फूल येतं. पावसाच्या सुरुवातीला बाजूने, थेट कंदातून, जमिनीला टेकलेलं, आणि नंतर पानांच्या झुबक्याच्या मधून. पहिलं फूल जाड पालापाचोळ्याखाली किंवा शेजारच्या झाडाच्या पानांखाली लपून जातं, कधी कधी तिथेच कुजतं. पहिल्या वळवाच्या पावसानंतर कंदाभोवतीचं आच्छादन हाताने थोडं मोकळं करून ठेवा. आणि हे पण लक्षात घ्या की वरचा गुलाबी तुरा म्हणजे फूल नाही, ती रंगीत पानं आहेत, आठवड्यांवर टिकतात, खरी पिवळी फुलं खालच्या हिरव्या खोबणींतून दोन-दोन चार-चार करून उमलतात आणि एक-एक फूल साधारण दिवसभराचं असतं. खोबणीत पाणी साचलेलं दिसलं तर ओतून टाकू नका, ते तसंच असतं. जमलं तर एखाद्या सकाळी जवळ वाकून ते पिवळं फूल नीट बघा, आत एकच पुंकेसर आणि त्याला खाली दोन टोकं, मधमाशी आत शिरताना त्या टोकांना ढकलते आणि पुंकेसर झुकून तिच्या पाठीवर पराग लावतो. इतकी सुंदर रचना बागेत रोज घडत असते आणि आपण तुऱ्याचा फोटो काढून निघून जातो.

दुसरं कारण अंधार. सावलीतलं झाड म्हणून आणलं आणि जिन्याखाली ठेवलं, असं फार होतं. जंगलातली सावली वेगळी असते. ऐन, साग, किंजळ ही झाडं एप्रिल-मेमध्ये उघडी असतात, जमिनीवर भरपूर उजेड पडत असतो, पहिल्या पावसाबरोबर रानहळद कोंब काढते तेव्हा वरची पालवी अजून दाट झालेली नसते, तिला सुरुवातीचे काही आठवडे चांगला उजेड मिळतो आणि मग वरचं छत मिटत जातं. तिथेही ती जंगलाच्या गाभ्यात कमी आणि कडेला, वाटेच्या बाजूला, दरडीवर जास्त दिसते. त्यामुळे बागेत जागा निवडताना दुपारी बारा वाजता त्या जागी हात धरून बघा. हाताची सावली अजिबात पडत नसेल तर ती जागा फार अंधारी, पानं येतील पण लांब, लोळणारी, आणि फूल नाही. सावली पुसट पण ओळखू येण्याइतकी पडत असेल तर उत्तम. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि मग सावली, हे सगळ्यात छान जमतं. जमिनीत लावायची असेल तर बहावा, चाफा, पांगारा अशा पानं झडणाऱ्या झाडांखाली लावा. आंब्याखाली किंवा फणसाखाली नको, ती बारा महिने दाट सावली देतात आणि शिवाय वरच्या मातीतलं पाणी त्यांची मुळं पिऊन टाकतात.

तिसरं, खत. युरिया किंवा लॉनचं खत पडलं की पानं दांडगी होतात आणि फूल येत नाही. जूनमध्ये कोंब दिसल्यावर मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, ऑगस्टमध्ये चिमूटभर लाकडाची राख, झालं. जंगलात हिला पालापाचोळ्याशिवाय कोणी काही देत नाही.

चौथं म्हणजे दरवर्षी कंद खणून वाटणं, त्याबद्दल शेवटी लिहितो. आणि पाचवं, ही रानहळद नसणंच. नर्सरीत साधी हळद, आंबेहळद किंवा सियाम ट्युलिप सुद्धा या नावाने मिळते. साधी हळद फुलली तरी पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते आणि तिचा तुरा फिकट, पांढरट-हिरवा असतो. फुलाशिवाय पानांवरून ओळखणं अवघड आहे, म्हणून घेताना जुलै-ऑगस्टमध्ये फुललेलं रोपच घ्यावं.

जून गेला, कोंब नाही

घाई करू नका. पाऊस उशिरा आला तर ही पण उशिरा येते, जुलैच्या मध्यापर्यंत थांबायला हरकत नाही. तोपर्यंत खुरपं घालू नका, कोंबाचं टोक मोडलं की त्या डोळ्याचं वर्ष गेलं. बोटाने वरची माती सारून बघा.

गॅलरीतल्या कुंड्यांचं एक वेगळंच असतं. बाहेर धो धो पाऊस, आपल्याला वाटतं झाडांना पाणी मिळतंय, आणि वरच्या स्लॅबमुळे कुंडीत थेंबही पडलेला नसतो. कंदाला पाऊस सुरू झालाय हे कळतच नाही. अशा कुंडीला जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात स्वतः भरपूर पाणी घाला, तळातून निघेपर्यंत, आणि मग माती वरून जरा सुकली की परत. एसीच्या बाहेरच्या युनिटचा वारा लागत असेल तर कुंडी हलवा.

कंद सापडला पण चिमून हलका झालाय, सुरकुतलाय, तर तो उन्हाळ्यात वाळलाय. हे छोट्या उथळ कुंडीत, गच्चीवर, तापलेल्या फरशीवर ठेवलं की होतं. जंगलात वर पाचोळा असतो आणि माती खोल असते, त्यामुळे कोरडी असली तरी ती भाजून निघत नाही. म्हणून कुंडी निदान ३० सेंमी खोल घ्या, कंदावर ५ ते ७ सेंमी माती येऊ द्या, आणि पानं गेल्यावर कुंडी सावलीत, छपराखाली, पाचोळ्याने झाकून ठेवा. पाणी बंद म्हणजे बंद, पण छोटी कुंडी असेल तर एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा हलका शिडकावा चालतो. अगदी वाळलेला कंद पण लगेच टाकू नका, एखादा डोळा घट्ट असेल तर ओलसर पानमातीत ठेवून बघा.

कंदच सापडला नाही तर एकतर तो पूर्ण कुजून मातीत मिसळलाय, किंवा कोणीतरी नेलाय. घुशी खातात, आणि जंगलाजवळ फार्महाऊस असेल तर साळिंदर आणि रानडुकरं उकरून काढतात. तिथे कंदाच्या वर जाळी पुरून टाका, मोठ्या आकाराच्या भोकांची, म्हणजे कोंब वर येतो आणि उकरता येत नाही. माणसांचं पण सांगतो, पानं गेलेल्या रिकाम्या जागेत दुसरं काहीतरी लावायला म्हणून कुदळ मारली जाते. जागेवर दगडांचं कडं करा किंवा काठी रोवा आणि बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

जमिनीत लावलेल्यांची हिवाळ्यातली अडचण

कुंडी उचलून छपराखाली ठेवता येते, जमिनीतल्या कंदाचं काय. शेजारी गुलाब, जास्वंद, लॉन असेल तर त्यांना रोज पाणी लागणार आणि ते हिला पण मिळणार. यावर मला एकच खरा उपाय दिसतो, झोपणाऱ्यांना झोपणाऱ्यांच्या शेजारी लावणं. कळलावी, भुईचाफा, शेवळं, रानहळद ही सगळी पावसाळ्यावर जगणारी आणि नंतर जमिनीत जाणारी मंडळी, यांचा एक कोपरा करा, थोडा उंचवटा करून, म्हणजे पावसाचं पाणी पण निघून जाईल, आणि तिथे दिवाळीनंतर पाईप न्यायचाच नाही. कळलावी मात्र विषारी असते, सगळे भाग, कंद तर जास्तच, त्यामुळे लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर ती वगळा.

माती चिकट काळी असेल तर ती तशीच वापरू नका. निम्मी कुजलेल्या पानांची माती, बाकी लाल माती आणि त्यात बारीक मुरूम किंवा विटांचे तुकडे, मूठ दाबून सोडली की सुटली पाहिजे. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली रानहळद पावसाळ्यात सुंदर दिसते पण ते पाणी इतकं धरून ठेवतं की झोपेच्या काळात कंद ओला राहतो.

पानांवरचं बारीकसारीक

पान उघडल्यावर एका ओळीत भोकं दिसली तर गुंडाळलेल्या कोवळ्या पानातून अळी आरपार गेलीय. बुंध्याला भोक आणि तिथे भुसा दिसला, मधला कोंब सुकला, तर खोडकिडा, तो बुंधा खालून कापून जाळून टाका, बाकीचे कोंब वाचतात. पान कडेने दुमडून आत अळी बसलेली असेल तर ती बहुतेक ग्रास डीमन नावाच्या फुलपाखराची, हळद-आल्याच्या कुळावरच ती वाढते. मी तिला राहू देतो, चार पानं खाल्ल्याने निरोगी कंदाला काही होत नाही आणि देशी झाड लावायचं तर त्याच्यावरचं फुलपाखरू पण आपलंच. गोगलगायी मात्र कोवळा कोंबच खातात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचा. श्रावणात उघडीप पडली आणि पश्चिमेचं ऊन लागलं की कडा करपतात, तो रोग नाही, जागा बदला.

कंद कुठून आणायचा

जंगलातून उपटून आणू नका. राखीव जंगलातून कंद खणून नेणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे फुलावर असताना उपटलेल्या झाडाच्या खालच्या गाठी जमिनीतच तुटून राहतात, शिधा संपलेला गड्डा घरी येतो आणि दोन वर्षांत संपतो. तिकडचं झाड गेलं आणि इकडचं पण जगलं नाही. देशी झाडं वाढवणाऱ्या नर्सरीत किंवा कोणाच्या बागेतल्या वाटणीतून घ्या, आणि कुंडीत वाढवलेलंच आहे ना हे विचारून घ्या.

वाटणी करायची ती तीन-चार वर्षांतून एकदा, कुंडी गच्च भरल्यावर, आणि मेच्या सुरुवातीला, डोळे फुगायच्या आधी. सगळं ढेकूळ बाहेर काढून पाण्याने माती सुटू द्या, ओढाओढ नको. प्रत्येक तुकड्याला निदान एक-दोन जाड डोळे आणि खाली लटकणाऱ्या गाठी दोन्ही राहिले पाहिजेत, गाठी तुटल्या तर तो तुकडा वर्षभर फक्त पानं देईल. कापलेल्या जागेला राख लावून दोन दिवस सावलीत ठेवा, मग लावा, आणि पाऊस येईपर्यंत पाणी घालू नका. वाटणीच्या पहिल्या पावसाळ्यात फूल कमी किंवा अजिबात येणार नाही असं धरून चाला, त्या वर्षी पानं शेवटपर्यंत वाळू दिली तर दुसऱ्या जूनमध्ये बाजूने तुरा वर यायला हवा, आणि तरीही नाही आला तर आधी दुपारी बारा वाजता तिथे हाताची सावली कशी पडते ते तपासा.